न दुखणारा डोळा : मधुमेह, सव्रण शुक्र आणि आपले कर्तव्य

व्रणांच्या साध्यासाध्यतेचा विचार करताना सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात एक मोलाचे विधान केले आहे. कुष्ठी, विषार्त, शोषी आणि मधुमेही यांचे व्रण कष्टाने भरून येतात, असे ते सांगतात. पदवीच्या अभ्यासक्रमात हा श्लोक आपण सर्वांनी पाठ केला आहे आणि परीक्षेत त्यावर गुणही मिळवले आहेत. मधुमेही रुग्णाच्या पायाला जखम झाली की तो आपल्याला आठवतोही. परंतु त्याच रुग्णाच्या डोळ्याला ओरखडा उठतो तेव्हा तो आपल्यापैकी किती जणांना आठवतो? हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःला विचारला आहे आणि मगच वाचकांपुढे ठेवीत आहोत.

स्वतःला विचारण्यास कारण घडले. बिडकीन हे पैठण रस्त्यावरचे गाव. भोवती कापूस, तूर, बाजरी आणि पाण्याची सोय असेल तेथे ऊस. गेल्या काही वर्षांत औद्योगिक वसाहतीमुळे शेताच्या बांधापलीकडे कारखान्यांच्या भिंती उभ्या राहू लागल्या आहेत. डोळ्याची दुखापत येथे ऋतुमानाप्रमाणे येते. कधी तुरीची काडी लागते, कधी बाजरीचे कुसळ जाते, कधी उसाच्या पानाची धार बसते. आता त्यांत ग्राइंडरच्या लोखंडी कणाची भर पडली आहे. काही वर्षांपूर्वी कापसाच्या वेचणीच्या दिवसांत पन्नाशी ओलांडलेले एक शेतकरी आमच्याकडे आले. संधिवातासाठी ते आमचे जुने रुग्ण आणि बारा वर्षांचे मधुमेही. पऱ्हाटीची काडी डोळ्याला लागून चार दिवस झाले होते. "दुखत-बिखत काहीच नाही बघा डॉक्टरसाहेब, नुसतं धुरकट दिसतंय," असे ते म्हणाले.

आम्ही डोळा पाहिला. कृष्णमंडलावर कडेला एक लहान पांढुरका ठिपका होता. तो दृष्टीपासून दूर होता, खोल वाटत नव्हता, स्राव नव्हता, एकच होता आणि वेदना तर मुळीच नव्हती. उत्तरतंत्रात सव्रण शुक्राच्या साध्यतेची जी लक्षणे दिली आहेत ती जणू क्रमाने आमच्यासमोर होती. आम्ही निश्चिंत झालो. त्रिफळा क्वाथाचा परिषेक सांगितला, पोटात औषध दिले आणि चार दिवसांनी यावयास सांगितले. ते आठव्या दिवशी आले. दुखत नसल्याने वेचणी सोडून येण्याची गरज त्यांना वाटली नव्हती. तोपर्यंत ठिपक्याचा व्रण झाला होता आणि तो दृष्टीच्या मध्यावर सरकला होता. शहरात पाठविल्यावर तेथील तज्ज्ञांनी डोळा वाचवला. मात्र मागे फूल राहिले आणि त्या डोळ्याने आता त्यांना समोर धरलेली बोटे मोजण्याइतपतच दिसते. त्यांनी आम्हांस कधी बोल लावला नाही. "तुम्ही तरी काय करणार," एवढेच ते म्हणाले. काय करता आले असते हे आम्हांस ठाऊक आहे, आणि म्हणूनच हा लेख.

दोन वचने, एक रुग्ण

वेदनारहित शुक्र हे साध्यतेचे चिन्ह, हे वचन चुकीचे आहे असे आमचे म्हणणे नाही. ज्याच्या डोळ्यातील संवेदना शाबूत आहे त्याच्या बाबतीत वेदना नसणे म्हणजे व्रण उथळ आणि दाह कमी असणे, हे निरीक्षण आजही बरोबर आहे. शिवाय ही सर्व शुभ लक्षणे एकत्र असतानाही सव्रण शुक्र क्वचितच सिद्धीस जाते, एवढी सावधगिरी आचार्यांनी तेथे बाळगलेली आहे. आमची चूक अशी झाली की उत्तरतंत्रातील वचन आम्ही सूत्रस्थानातील वचनापासून तोडून वाचले. मधुमेही रुग्णाच्या डोळ्यात वेदना नसणे याचे दोन अर्थ असू शकतात. एक, व्रण सौम्य आहे. दुसरा, व्रण कसाही असो, त्याची वार्ता सांगणारी चेताच क्षीण झाली आहे. हा दुसरा अर्थ आमच्या मनाला शिवला नाही. एकाच संहितेतील एक वचन दुसऱ्याची मर्यादा सांगत असताना दोन्ही एकत्र वाचणे हे वैद्याचे काम होते.

पायाच्या बाबतीत हे आपण केव्हाच शिकलो आहोत. काटा रुतला तरी न कळणारा मधुमेही पाय आपण जाणतो. रुग्णाला अनवाणी फिरू नका असे बजावतो आणि त्याचे तळवे तपासतो. मधुमेही डोळा म्हटला की मात्र सर्वांचे लक्ष दृष्टिपटलाकडे, म्हणजे रेटिनाकडे, किंवा मोतीबिंदूकडे जाते. समोरचे पारपटल, ज्याला आपण व्यवहारात कॉर्निया म्हणतो, ते दुर्लक्षित राहते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडियाब पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे. प्रौढांतील प्रमाण 11.4 टक्के आहे. यातील किती जण शेतात वाकून काम करतात आणि किती जण यंत्रासमोर उभे राहतात, याचा अंदाज खेड्यातील प्रत्येक वैद्याला आपल्या रुग्णनोंदीवरून करता येईल.

पारपटल भरून का येत नाही?

पारपटलाची मध्यभागी जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणूनच ते पारदर्शक; आणि चेतातंतूंची दाटी मात्र त्वचेच्या कित्येक पटींनी अधिक. सर्वांत वरचा थर पाच ते सात पदर पेशींचा असतो आणि तो साधारण सात ते दहा दिवसांत संपूर्ण नवा होतो. नव्या पेशी येतात त्या कडेकडून. शुक्ल आणि कृष्ण मंडलांच्या संधीवर मूळ पेशी असतात व तेथून निघालेल्या पेशी मध्याकडे सरकतात. 1983 मध्ये थॉफ्ट आणि फ्रेंड यांनी या हालचालीचे गणित मांडले. आपल्या शास्त्रात शुक्लकृष्णगत संधी स्वतंत्रपणे सांगितला आहे, हे खरे. परंतु तेथील मूळ पेशी आचार्यांना ठाऊक होत्या असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करण्यासारखे आहे. त्यांनी जे पाहिले ते अचूक पाहिले, एवढे पुरेसे आहे.

निरोगी माणसाच्या डोळ्यावरचा साधा ओरखडा दोन-तीन दिवसांत भरतो. कडेच्या पेशी पसरून जखम झाकतात, मग त्यांची संख्या वाढते आणि शेवटी त्या खालच्या आधारपटलाला घट्ट चिकटतात. मधुमेहात या तिन्ही पायऱ्या बिघडतात.

चिकटण्यापासून सुरुवात करू. दीर्घकाळ वाढलेली साखर प्रथिनांशी बांधली जाऊन जे पदार्थ तयार होतात ते आधारपटलात साचतात. ते जाड होते, त्यातील लॅमिनिनसारखी प्रथिने विकृत होतात आणि वरच्या पेशींची पकड ढिली पडते. मधुमेही डोळ्यावर काचरसाची शस्त्रक्रिया करताना वरचा थर खरवडावा लागला तर तो पुन्हा बसण्यास फार वेळ लागतो, हा नेत्रशल्यचिकित्सकांचा जुना अनुभव आहे. भिंतीला ओल असली की वरून कितीही गिलावा करा, तो सुटतोच, तसेच हे.

दुसरा बिघाड निरोपाचा. जखम होताच वाढीचे काही घटक पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहींना जाऊन भिडतात आणि आतमध्ये 'सरका, वाढा' असा संदेश पोहोचतो. साखर अधिक असताना बाह्यत्वचा-वृद्धिघटक, म्हणजे ईजीएफ, याच्या ग्राहीपासून पुढे जाणारी ही साखळी मंदावते, असे प्रयोगांत दिसले आहे. मधुमेही पारपटलात सी-मेट नावाचा दुसरा एक ग्राही घटतो आणि ऊतक विरघळविणारी एमएमपी-10 व कॅथेप्सिन-एफ ही विकरे वाढतात, हे लॉस एंजेलिस येथील सीडर्स-सायनाय संस्थेतील ल्युबिमोव्ह आणि सघीझादे यांच्या गटाने दाखविले आहे.

तिसरा बिघाड चेतांचा, आणि आमच्या मते खेड्यातील वैद्याच्या दृष्टीने हाच सर्वांत महत्त्वाचा. पारपटलातील चेता केवळ वेदना सांगत नाहीत. त्या पेशींना पोसणारी द्रव्येही सोडतात. त्या विरळ झाल्या की संवेदना घटते, पापण्यांची उघडझाप कमी होते, अश्रू कमी होतात आणि पोषणही तुटते. चेता क्षीण म्हणून जखम भरत नाही आणि जखम भरत नाही म्हणून चेता पुन्हा वाढत नाहीत, असे हे चक्र आहे. मँचेस्टर येथे काम केलेले रयाझ मलिक आणि त्यांचे सहकारी यांनी विशेष सूक्ष्मदर्शकाने पारपटलातील चेतातंतू मोजून शरीरातील मधुमेहजन्य चेताविकाराचा अंदाज घेण्याची पद्धत विकसित केली. म्हणजे पायात मुंग्या येणाऱ्या रुग्णाच्या डोळ्यातही तेच घडत असणे शक्य आहे.

रेणूंच्या पातळीवरील उपाय

या बिघाडांवर नेमके बोट ठेवणारे उपाय शोधण्याचे काम जगभर चालू आहे. त्याची माहिती आपणांस असावी, कारण रुग्ण आपल्यालाच विचारणार आहेत.

इन्सुलिनचे थेंब हा त्यांतील सर्वांत सुटसुटीत उपाय. 1945 मध्येच ब्रिटिश जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीमध्ये पारपटलाच्या व्रणावर इन्सुलिन वापरल्याचा लेख आला होता. पुढे तो विषय मागे पडला. 2013 मध्ये मलेशियातील बॅस्टिऑन आणि लिंग यांनी शस्त्रक्रियेत वरचा थर खरवडावा लागलेल्या मधुमेही रुग्णांच्या डोळ्यांवर तो पुन्हा वापरला आणि त्यानंतर अनेक देशांत त्याचा वापर वाढला. येथे इन्सुलिन साखर कमी करण्यासाठी नसते. ते पेशींच्या वाढीचा संदेश पुन्हा चालू करते. मात्र एक गोष्ट रुग्णाला ठणकावून सांगितली पाहिजे. घरातील इंजेक्शनच्या बाटलीतील इन्सुलिन डोळ्यात घालावयाचे नाही. त्यात क्रेसॉलसारखी परिरक्षके असतात आणि मात्राही डोळ्यासाठी बेतलेली नसते. हे थेंब निर्जंतुक पद्धतीने, योग्य प्रमाणात विरल करून, नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरावयाचे असतात.

दुसरा उपाय चेतावृद्धिघटकाचा. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना ज्या शोधासाठी 1986 चे नोबेल मिळाले, त्याच घटकाचे जैवतंत्राने बनविलेले रूप सेनेगर्मिन या नावाने अमेरिकेत 2018 मध्ये चेताक्षयजन्य पारपटलविकारासाठी मान्य झाले. दिवसातून सहा वेळा, आठ आठवडे ते घालावयाचे असते आणि एका उपचारक्रमाचा खर्च लाखो रुपयांत जातो. आमच्या परिसरातील शेतकऱ्यापर्यंत ते केव्हा पोहोचेल हे सांगण्याची गरज नाही.

तिसरी दिशा नाल्ट्रेक्सोनची. पेशींची वाढ रोखणारा एक अफूसदृश नैसर्गिक घटक शरीरात असतो. त्याचा ग्राही अडविल्यास वाढ मोकळी होते, असे पेन्सिल्व्हानियातील झॅगॉन आणि मॅक्लॉफ्लिन यांनी मधुमेही उंदरांवर व सशांवर दाखविले. चौथी दिशा अधिक मूलगामी आहे. 2023 मध्ये सीडर्स-सायनायच्या गटाने डायबेटॉलॉजिया या नियतकालिकात मांडले की मधुमेही पारपटलात डब्ल्यूएनटी-5ए या प्रथिनाची निर्मिती जनुकावरील रासायनिक खुणांमुळे दाबली जाते आणि तो दाब काढल्यास जखम भरण्याचा वेग व मूळ पेशींची स्थिती सुधारते. साखर आटोक्यात आल्यावरही जखमा का रेंगाळतात, याचा काही उलगडा अशा संशोधनातून होतो. जनुकांत बदल न होता त्यांवर जुन्या वाढीव साखरेची जणू स्मृती उरते. परंतु हे काम प्रयोगशाळेत जतन केलेल्या पारपटलांवरचे व पेशींवरचे आहे. रुग्णाच्या हाती देण्याजोगे औषध त्यातून आज निघालेले नाही.

आपली औषधे आणि आपली भाषा

येथे एक अवघड विषय काढणे भाग आहे. वर सांगितलेले संशोधन प्रसिद्ध होताच आपल्यातील काही मंडळी आमलकी-हरिद्रेच्या जाहिरातीत 'रेणूंच्या पातळीवर काम करणारे' असे शब्द घालू लागतात. निशा-आमलकी हा आपला प्रमेहावरील अभिमानाचा योग आहे आणि आम्ही तो नित्य वापरतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत भानुप्रकाश रेड्डी यांच्या गटाने आवळ्यातील टॅनॉइड द्रव्ये आणि हळद यांमुळे मधुमेही उंदरांतील मोतीबिंदू उशिरा येतो, हे 2004 ते 2007 या काळातील शोधनिबंधांतून दाखविले. साखरेचे सॉर्बिटॉल करणाऱ्या अल्डोज रिडक्टेज या विकराला ही द्रव्ये अडवतात. ही आपल्यासाठी आनंदाची गोष्ट आहे. परंतु तो अभ्यास नेत्रमण्याचा होता, पारपटलाचा नव्हे. उंदरांचा होता, माणसांचा नव्हे. आणि द्रव्य पोटातून दिले होते, डोळ्यात घातलेले नव्हते. या तीन पायऱ्या उडी मारून ओलांडणे हे शास्त्र नव्हे. ज्या नियमाने आम्ही अमेरिकेतील प्रयोगशाळेचे निष्कर्ष रुग्णाच्या पायरीवर आणण्यास कचरतो, तोच नियम आपल्या औषधांना लावला पाहिजे.

डोळ्यात घालावयाच्या द्रव्यांबद्दल तर अधिक कठोर व्हावे लागेल. त्वचेवरील व्रणाला मध-तूप लावणे आणि फाटलेल्या पारपटलावर उघड्या बाटलीतील मध घालणे यांत फार अंतर आहे. खेड्यात आजही दूध, मध, पाल्याचा रस डोळ्यात पिळला जातो. वनस्पतीच्या काडीने झालेल्या जखमेत बुरशी शिरण्याचा धोका असतो आणि मधुमेही रुग्णात ती अधिक सहज फोफावते. साम नेत्ररोगात अंजन वर्ज्य, हे शास्त्रवचन आपण जाणतोच. ताज्या व्रणावर तर्पण, अंजन किंवा घरी केलेला काढा हे त्याच वचनाच्या विरुद्ध आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तीच गोष्ट दुकानातून मागून आणलेल्या स्टेरॉइडयुक्त थेंबांची. त्यांनी लाली ओसरते, रुग्ण खूश होतो आणि खाली बुरशी पसरत राहते.

आपण काय करावे?

आमच्या चिकित्सालयात आता आम्ही पुढील शिस्त पाळतो. त्यात नवे काही नाही आणि खर्चही फारसा नाही.

डोळ्याला मार लागलेल्या वा डोळा लाल झालेल्या प्रत्येक प्रौढास मधुमेहाविषयी विचारतो आणि बोटातून रक्त घेऊन साखर पाहतो. पुष्कळांना आपला मधुमेह त्याच दिवशी कळतो. फ्लुओरेसीनची निर्जंतुक पट्टी आणि निळ्या प्रकाशाची छोटी बॅटरी जवळ ठेवतो. जेथे वरचा थर गेला आहे तेथे हिरवा रंग चमकतो आणि साध्या डोळ्याला न दिसणारा व्रण दिसतो. बधिर करणारे थेंब न घालता, निर्जंतुक कापसाच्या पिळलेल्या टोकाने, बाजूने येऊन, व्रण नसलेल्या भागावर हलकेच स्पर्श करून संवेदना पाहतो. येथे एक गोम आहे. मधुमेहात दोन्ही डोळ्यांची संवेदना सारखीच घटलेली असू शकते. म्हणून 'दुसऱ्या डोळ्यासारखीच आहे' एवढ्यावर समाधान मानू नये.

मधुमेही रुग्णाच्या पारपटलावर रंग धरणारा कोणताही डाग दिसला की त्याच दिवशी त्याला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवितो. व्रण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आणि बुरशी असल्यास नाटामायसिन सुरू करणे हे आपल्या खोलीत होणारे काम नाही. आमच्या भागातून शहरातील घाटी रुग्णालय गाठणे कठीण नाही. कठीण असते ते न दुखणाऱ्या डोळ्यासाठी मजुरी बुडवून जाण्यास रुग्णाचे मन वळविणे. ते मन वळविण्याचे सामर्थ्य त्याच्या घरी तीन पिढ्या औषध देणाऱ्या वैद्याकडेच असते. घट्ट पट्टी बांधीत नाही, डोळ्यात काही घालीत नाही आणि दुसऱ्या दिवशी गेलात का म्हणून आम्ही स्वतः विचारणा करतो.

यावर काही ज्येष्ठ स्नेही म्हणतील की हे तर वैद्याला टपालवाला बनविणे झाले. आम्हांस तसे वाटत नाही. साखर आटोक्यात ठेवणे, आहारविहार सांभाळणे, व्रण भरल्यावर पुन्हा उघडू नये म्हणून कोरडेपणा व चेताविकार यांवर दीर्घकाळ लक्ष ठेवणे, शेतात व यंत्रावर डोळ्याला चष्मा लावण्याची सवय लावणे, हे काम महिनोन्महिने चालते आणि ते आपलेच आहे. कृच्छ्रसाध्य व्याधीत योग्य वेळी योग्य हाती रुग्ण सोपविणे हाही चिकित्सेचाच भाग आहे.

संशोधनाचीही जबाबदारी आपली आहे. आपल्या शालाक्य विभागांनी निर्जंतुक पद्धतीने बनविलेली नेत्रबिंदूची औषधे, उथळ व संसर्ग नसलेल्या आणि तज्ज्ञाने तपासलेल्या व्रणांपुरती, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला देऊन पाहावीत. व्रणाचे क्षेत्र दररोज मिलिमीटरमध्ये मोजावे, संवेदना नोंदवावी, तुलनेसाठी दुसरा गट ठेवावा आणि जे रुग्ण बरे झाले नाहीत त्यांचीही संख्या छापावी. अपयश छापण्याचे धैर्य आले की यशावर लोक विश्वास ठेवतील.

आमचे ते शेतकरी रुग्ण अजूनही गुडघ्यांसाठी येतात. बसताना ते मान किंचित वळवून चांगला डोळा आमच्याकडे करतात. तो डोळा आम्ही आता प्रत्येक भेटीत तपासतो. दर वेळी ते विचारतात, "दुखत तर नाही, मग कशाला बघता?" आम्ही त्यांना सांगतो, दुखत नाही म्हणूनच बघतो.